भेसळीची चाचणी आणि आपलं अनुमान

भेसळ ओळखण्याच्या रासायनिक चाचण्यांवर बोलायला तत्त्वज्ञानाची माणसं कशाला, असं काहींना वाटलं असेल. चाचणी करणं हे प्रयोगशाळेचंच काम. पण चाचणीवरून आपण जे अनुमान काढतो, त्यात गफलत होते, आणि तो आमच्या विषयाचा भाग आहे. उदाहरणं आपल्याच भागातली घेऊ : सांगलीची हळद आणि महाबळेश्वरचा मध.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद आपण रंग बघून घेतो, म्हणून लबाडीही रंगाचीच होते. मेटॅनिल यलो हा त्यातला एक कृत्रिम रंग. खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही. हळदीच्या अर्कात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की हा रंग असल्यास गुलाबी-जांभळी छटा येते. पण इथं घाई करायची नाही बरं का. शुद्ध हळदीतलं कर्क्युमिनही तीव्र आम्लात लालसर होतं. म्हणून वर पाणी घालायचं. कर्क्युमिनची लाली जाते, मेटॅनिल यलोची टिकते. म्हणजे खूण रंग बदलण्याची नाही. पाणी घातल्यावरही तो टिकण्याची आहे.

आता समजा, रंग आलाच नाही. मग हळद शुद्ध का? नैयायिक सांगतात, धूर दिसला तर अग्नी आहे असं म्हणता येतं. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसंच हे. मेटॅनिल यलो सापडला नाही, इतकंच कळलं. लेड क्रोमेट हे पिवळं संयुग या चाचणीत सापडत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून बघण्याच्या घरगुती चाचणीतही ते मुकाट्यानं तळाशी बसतं. आणि त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. बांगलादेशात हळदीतली ही भेसळ २०१९ मध्ये संशोधकांनी पुढे आणली. तिथल्या बाजारात मग क्ष-किरणांनी मूलद्रव्य ओळखणारं, हातात मावणारं यंत्र वापरलं गेलं. प्रश्न शिशाचा असेल तर शिसंच शोधावं लागतं.

मधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. 'पाण्यात टाकलेला मध तळाशी गेला की अस्सल' असं आपण ऐकत आलो. पण साखरेचा दाट पाकही तळाशीच जातो! प्रयोगशाळा कार्बनचे समस्थानिक मोजते. ऊस आणि मका यांच्या साखरेत कार्बन-१३ चं प्रमाण जास्त असतं. मधमाश्या ज्या फुलांवर जातात, त्यांतल्या बहुतेक वनस्पतींत कमी. त्यामुळे मधात उसाची साखर मिसळली तर पकडता येते. पण तांदळाचा पाक? तांदूळ फुलझाडांच्याच गटातला, म्हणून ही चाचणी त्याला ओळखत नाही. चाचणी प्रसिद्ध झाली की भेसळ करणाराही ती वाचतो.

२०२० मध्ये सीएसई या दिल्लीच्या संस्थेनं १३ ब्रँडचे नमुने तपासून घेतले. एनएमआर चाचणीत तीनच उत्तीर्ण झाले. कंपन्यांनी हे आरोप नाकारले. एनएमआर नमुन्याचा पूर्ण आलेख अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडून पाहते. मग त्या संग्रहात आपल्या जांभळाचा, गेळ्याचा, हिरड्याचा मध आहे का, हे विचारायलाच हवं. नाहीतर महाबळेश्वरच्या डोंगरातला प्रामाणिक मधपाळ उगाच संशयात सापडेल.

तेव्हा 'चाचणीत पास' असं कुणी म्हटलं की विचारा : कोणत्या चाचणीत? काय शोधलं होतं? अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी कशाकशाची तपासणी झाली, ती यादी वाचा.

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.