ऐनवेळचे डाव आणि सूत्रधाराचा न्याय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टेबलाभोवती बसून संवाद आणि फाशांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या कथाखेळात, ज्याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात त्यात, प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि उरलेले जग, त्यातील शत्रू आणि प्रत्येक कृतीचा परिणाम ठरवण्याची जबाबदारी सूत्रधाराकडे, म्हणजेच गेम मास्टरकडे असते. लढाईच्या प्रसंगी वार करणे, ढाल धरणे, माघार घेणे यांचे नियम पुस्तकात दिलेले असतात. परंतु खेळाडू कधी शत्रूच्या डोळ्यांत माती फेकू पाहतो, कधी तटावरून खालच्या घोडेस्वारावर उडी घेऊ पाहतो. नियमपुस्तकात नाव नसलेल्या अशा कृतीला येथे ‘ऐनवेळचा डाव’ म्हटले आहे. अशा डावांचा निवाडा कसा करावा, याविषयी काही समजुती घट्ट रुजल्या आहेत आणि त्या तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज १ : असे डाव चित्रपटातच शोभतात, खऱ्या लढाईत त्यांना स्थान नसते.

वस्तुस्थिती : धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी असलेल्या थाळनेर किल्ल्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. मंदसोरच्या तहान्वये होळकरांनी हा किल्ला इंग्रजांना दिला होता, परंतु किल्लेदार तुळशीराम याने ताबा देण्यास नकार दिल्यामुळे २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने हल्ला केला. बाहेरचे दरवाजे ओलांडून काही अधिकारी आणि मोजके शिपाई शेवटच्या दिंडी दरवाजातून, म्हणजे मोठ्या दारातील लहान दारातून, आत गेले. तेथे तहाच्या बोलण्यावरून गोंधळ होऊन शिबंदीने त्यांच्यावर वार केले आणि दिंडी बंद करण्याचा प्रयत्न केला. त्या क्षणी बाहेरच्या एका शिपायाने मिटत्या फटीत आपली बंदूक खुपसली, इतरांनी जोर लावून दार उघडे धरले आणि एका अधिकाऱ्याने एका हाताने तलवारीचे वार अडवत दुसऱ्या हाताने जखमी कर्नल मरे यास बाहेर ओढले. पुढे शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. या क्रौर्याचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि लढाईचे पारडे कधीकधी वारांच्या संख्येवर नव्हे, तर एका दाराच्या फटीवर फिरते, हे या प्रसंगातून निर्विवादपणे दिसते.

गैरसमज २ : नियमात नाही, म्हणून ते करता येत नाही.

वस्तुस्थिती : या खेळप्रकाराचा उगमच पंचाच्या विवेकात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायस्वित्झ या अधिकाऱ्याने नकाशा आणि फाशांवर खेळण्याचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ सिद्ध केला. १८७६ मध्ये वेर्डी दु व्हेर्न्वा याने किचकट तक्त्यांऐवजी अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारे त्याचे मोकळे रूप पुढे आणले. अमेरिकेत डेव्हिड वेस्लीच्या ‘ब्राउनश्टाइन’ या खेळात हीच पंचाची परंपरा दिसते. त्या खेळात भाग घेतलेल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्ससह १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. याच खेळाच्या २००८ मधील चौथ्या आवृत्तीच्या सूत्रधार-पुस्तकात ४२ व्या पानावर नियमांबाहेरच्या कृतींसाठी स्वतंत्र मार्गदर्शन आणि तक्ता दिला होता. पुस्तकात नाव नसणे म्हणजे मनाई नव्हे; तेथे सूत्रधाराचे काम सुरू होते.

गैरसमज ३ : वर्णन जितके बहारदार, तितके यश निश्चित.

वस्तुस्थिती : वर्णनाला बक्षीस देणारे खेळ आहेत, २००१ मध्ये आलेल्या ‘एग्झॉल्टेड’ मध्ये चांगल्या वर्णनासाठी जादा फासे मिळतात. परंतु तो त्या खेळाचा जाणीवपूर्वक स्वीकारलेला नियम आहे, सर्वत्र लागू होणारे तत्त्व नव्हे. अन्यत्र वजन द्यायचे ते परिस्थितीला, जसे थाळनेरच्या प्रसंगात : दार किती उघडे आहे, बंदूक किती लांब आहे, आतून किती जण ढकलत आहेत. शब्दसंपदेवर निकाल ठरू लागला, तर बोलका खेळाडू नेहमी जिंकतो आणि मितभाषी खेळाडूच्या शूर पात्रावर अन्याय होतो. परिस्थिती अनुकूल असेल तर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीतील ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही सोय, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा अंक घेणे, पुरेशी ठरते. फाशावर ११ किंवा अधिक हवे असताना यशाची शक्यता त्यामुळे ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर जाते. २० च हवे असेल तर मात्र ती ५ वरून जेमतेम ९.७५ टक्के होते. म्हणजेच ही सोय शक्य कृती सुकर करते, परंतु जवळजवळ अशक्य कृती सहजसाध्य करत नाही.

गैरसमज ४ : प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा फासा टाकला की निवाडा अधिक वास्तव होतो.

वस्तुस्थिती : धावत दारापर्यंत पोहोचणे, बंदूक खुपसणे आणि ती घट्ट धरून ठेवणे असे तीन टप्पे पाडून प्रत्येकाला ६० टक्के शक्यता दिली, तर तिन्ही साधण्याची शक्यता सुमारे २२ टक्केच उरते; उलट साधा वार करणाऱ्याला मात्र ६० टक्के शक्यता मिळते. यातून खेळाडू एकच धडा घेतो, तो म्हणजे कल्पना लढवू नये. त्यामुळे खरोखर अनिश्चित असलेला एकच क्षण निवडून त्यासाठी एकदा फासा टाकणे उचित असते. २०१२ च्या ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ या खेळात योद्धा वाराबरोबरच एक जादा फासा टाकतो. वार लागला आणि त्या फाशावर ३ किंवा अधिक आले, तर शत्रूला पाडणे, नि:शस्त्र करणे यांसारखा डावही साधतो. वार आणि डाव यांतून एकच निवडण्याची सक्ती तेथे उरत नाही.

गैरसमज ५ : डाव साधला, की शत्रू संपलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : डावाचे मोल पात्राने खर्च केलेल्या संधीच्या प्रमाणात असावे आणि त्यासाठी पुस्तकातील जवळचा नियम मापदंड म्हणून घ्यावा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांत यशस्वी धक्क्याने शत्रू पाच फूट मागे सरतो किंवा आडवा पडतो, आणि उंचावरून पडल्यास दर दहा फुटांना सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा होते. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर रचलेल्या लढाईत तीस फूट उंचीच्या तटावरून शत्रूला ढकलले, तर तीन फाशांची, म्हणजे सरासरी १०.५ अंकांची इजा होईल; सामान्य शिपाई तेवढ्याने गारद होतो, कसलेला सरदार मात्र उठून उभा राहतो. एखादा डाव प्रत्येक फेरीत वारापेक्षा सरस ठरू लागला, तर सर्व पात्रे तेच करू लागतात आणि कल्पकतेचीच जागा सवय घेते. म्हणून मोठा लाभ त्या जागेतील एकदाच वापरता येण्याजोग्या गोष्टीशी बांधावा. फटीत अडकवलेली बंदूक दार उघडे ठेवते, पण त्याच वेळी ती गोळी झाडण्यासाठी उपलब्ध राहत नाही.

गैरसमज ६ : डाव फसला, तर पात्राची फजिती व्हायलाच हवी.

वस्तुस्थिती : फाशावर १ पडताच शस्त्र हातातून निसटते, असा घरगुती नियम अनेक टेबलांवर चालतो, परंतु २०१४ च्या पुस्तकात हल्ल्याच्या फाशावर १ पडण्याचा अर्थ वार हुकणे एवढाच आहे. घरगुती नियमानुसार एका फेरीत एकच वार करणाऱ्या नवशिक्यावर शस्त्र निसटण्याची आपत्ती ५ टक्के वेळा येते, तर चार वार करणाऱ्या निष्णात योद्ध्यावर सुमारे १८.५ टक्के वेळा. जितके कौशल्य अधिक तितकी तलवार अधिक वेळा गळून पडावी, हे तर्काला धरून नाही. अपयशाची किंमत डावातूनच निघाली पाहिजे आणि ती फासा टाकण्यापूर्वी खेळाडूला सांगितली पाहिजे : दार मिटले तर बंदूक तुटेल, मात्र हात शाबूत राहील. किंमत ऐकून खेळाडूने बेत बदलला, तर तो त्याचा हक्क आहे.

या सर्व विवेचनातून सूत्रधाराच्या न्यायाचा क्रम निश्चित होतो. प्रथम खेळाडूला नेमके काय साधायचे आहे ते विचारावे, मग परिस्थिती पाहून शक्याशक्यता ठरवावी, यशाचे फळ आणि अपयशाची किंमत दोन्ही उघड सांगावीत आणि त्यानंतरच एक फासा टाकू द्यावा. दिलेला निर्णय टिपून ठेवावा आणि तोच पुढे शत्रूच्या पात्रांनाही लागू करावा. थाळनेरच्या दिंडीबाहेर उभ्या शिपायाला जी मुभा, तीच आतून दार लोटणाऱ्या शिबंदीला. खानदेशातील किल्ले, घाट आणि नदीकाठ यांवर कथाखेळ रचू पाहणाऱ्या प्रत्येक सूत्रधाराने ही समन्यायी वृत्ती अंगी बाणवावी, कारण निवाडा न्याय्य होईल असा विश्वास असेल तरच खेळाडू धाडस करतो.