कातळातले छिद्र

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो पंधरा मीटर उंचीची भिंत 4.75 सेकंदांत चढला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पंधरा मीटर म्हणजे साधारण पाच मजली इमारत. ते दृश्य पाहताना मला एकच गोष्ट खटकत होती. स्पर्धा प्रस्तरारोहणाची, पण प्रस्तर कुठेच नव्हता. होती ती उभारलेली भिंत आणि तिच्यावर स्क्रूने बसवलेल्या कृत्रिम पकडी. दगडावरचा खेळ दगड सोडून कसा गेला, याचा शोध घेत मी मागे मागे गेलो आणि अखेर एका छिद्रापाशी येऊन थांबलो.

स्पोर्ट क्लाइंबिंग आणि जुने प्रस्तरारोहण यांतला फरक या छिद्रात आहे. कातळात यंत्राने करंगळीएवढे छिद्र पाडायचे, त्यात पोलादी बोल्ट कायमचा बसवायचा आणि अशी बोल्टांची रांग कड्याच्या माथ्यापर्यंत न्यायची. चढणारा वर सरकताना एकेका बोल्टात आपला दोर अडकवत जातो. हात सुटला तर खालचा बोल्ट त्याला पेलतो. बोल्ट धरून वर जाणे मात्र वर्ज्य. चढायचे ते दगडाच्या नैसर्गिक पकडींवरच. जिवाची धास्ती बरीचशी दूर होते आणि निव्वळ अवघडपणाशी झुंजायला माणूस मोकळा होतो. पण एकदा पाडलेले छिद्र बुजवले तरी दगड पूर्ववत होत नाही. म्हणून देशोदेशी या छिद्रावरून वाद झाले. प्रत्येक देशाने दिलेले उत्तर पाहिले, तर त्यात तिथल्या दगडाचा वाटा माणसांच्या मतांइतकाच मोठा दिसतो.

सुरुवात जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवरून करायला हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी रुडॉल्फ फेअरमान याने तिथल्या चढाईचे नियम शब्दबद्ध केले. लोखंडी कडी फक्त सुरक्षेसाठी, चढायला आधार म्हणून नाही, हे त्यांचे सार. हा दगड इतका मऊ की फटीत अडकवलेला धातूचा तुकडा त्याची कड फोडतो. म्हणून तिथे फटींत दोरीच्या गाठी अडकवतात. पाऊस पडून गेल्यावर ओल्या दगडावर चढायलाही बंदी, कारण भिजलेला वालुकाश्म दुबळा होतो. कडी बसवायची तर ती खालून चढत, तीही दूर दूर. नियम कडक वाटतात, पण दगडाचा स्वभाव ओळखून केलेले आहेत.

या परंपरेचा धागा 1975 साली बव्हेरियातल्या फ्रँकेनयुरा या चुनखडीच्या प्रदेशात पोचला. तिथे पूर्वी लोक मेखा धरूनच वर जात. कुर्ट आल्बेर्ट नावाच्या तरुणाने तेच मार्ग मेखांना हात न लावता, दोरावर भार न टाकता चढायला घेतले आणि जो मार्ग असा साधला त्याच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवला. जर्मन भाषेत त्याला 'रोटपुंक्ट' म्हणतात. बोल्ट असो वा मेख, ती फक्त पडल्यावर उपयोगी यावी, ही आजच्या खेळाची मूळ अट त्या ठिपक्यात आहे.

फ्रान्सची अडचण निराळी होती. व्हेर्दोंच्या खोल घळीतले चुनखडीचे कडे अनेक जागी गुळगुळीत. फटच नाही तर तिच्यात अडकवणार काय? तिथले आरोहक माथ्यावरून दोराने खाली उतरले आणि लटकत लटकत बोल्ट ठोकले. खालून चढतच मार्ग काढावा हा जुना संकेत मोडला, पण त्यामुळे पूर्वी अशक्य वाटणारे कडे चढण्याजोगे झाले. पात्रिक एदलांजे याच्यावर 1982 साली निघालेल्या चित्रपटाने ही चढाई फ्रान्समध्ये घरोघरी नेली.

इंग्लंडने उलट बाजू घेतली. पीक डिस्ट्रिक्टमधल्या खरबरीत ग्रिटस्टोनला भेगा पुष्कळ. त्यांत धातूचे ठोकळे हाताने अडकवायचे, मागून येणाऱ्याने ते काढून न्यायचे, दगड होता तसा ठेवायचा. ग्रिटस्टोनवर बोल्ट ठोकणे आजही तिथे अक्षम्य मानतात. गंमत अशी की, आधुनिक कृत्रिम भिंतीच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक इंग्लंडमध्येच उभा राहिला. डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने 1964 साली लीड्स विद्यापीठातल्या एका बोळाच्या भिंतीत दगड बसवून सरावाची सोय केली. कड्याला छिद्र पाडायला नकार देणाऱ्या देशाने भिंतीलाच कडा केले!

अमेरिकेतला वाद तर मार्गाच्या नावातच कोरला गेला. ओरेगनमधल्या स्मिथ रॉक इथे ॲलन वॉट्स याने फ्रेंच पद्धतीने वरून बोल्ट ठोकायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या मंडळींनी त्याला दोष दिला. तिथला एक अत्यंत अवघड मार्ग 1986 साली फ्रान्सच्या जाँ-बाप्तिस्त त्रिबू याने प्रथम चढला. त्याचे नाव 'टु बोल्ट ऑर नॉट टु बी'. हॅम्लेटचा प्रश्न छिद्रापर्यंत येऊन पोचला होता.

आता स्पर्धा. सोव्हिएत संघात 1947 सालीच कॉकेशसमधल्या दोंबाईला वेगाच्या चढाईची शर्यत झाली होती. तिथे दोर वरून सोडलेला असल्याने बोल्टांच्या रांगेची गरजच नव्हती. पश्चिम युरोपात मात्र 1985 साली 19 फ्रेंच आरोहकांनी स्पर्धांविरुद्ध जाहीरनामा काढला, आणि त्याच वर्षी इटलीतल्या बार्दोनेक्कियाला खऱ्या कड्यावर मोठी स्पर्धा भरली. श्टेफान ग्लोवाट्स आणि कॅथरीन देस्तिवेल विजयी झाले. पुढे सह्या करणाऱ्यांपैकीही काही जण स्पर्धांत उतरले.

कडा आणि स्पर्धा यांचे मात्र जमेना. स्पर्धेला सगळ्यांना सारखाच अनोळखी मार्ग लागतो. कडा जागचा हलत नाही आणि स्थानिकांना तो पाठ असतो. दर वेळी नवा मार्ग हवा तर दर वेळी नवी छिद्रे पाडायला हवीत. कृत्रिम भिंतीवर पकडी रात्रीतून बदलता येतात. विश्वचषक 1989 साली सुरू झाला, ऑलिंपिकचे दार टोकियोत उघडले. दगड सोडल्यामुळे वाद मिटला असे वाटते. खरे तर तो मागे, दगडापाशीच राहिला.

आपल्याकडेही तो आहे. मुंबईच्या गिरिविहार संस्थेने 2016 साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला, तो उभारलेल्या भिंतींवर. पण भिंतीवर तयार झालेली मुले उद्या सह्याद्रीत जाणार आणि बदामीलाही. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या थरांचा; कुठे पोलादासारखा, तर कुठे हातात येणारा. बदामीचा लालसर वालुकाश्म वेगळाच. त्यात चालुक्यांनी सहाव्या शतकात लेणी कोरली आणि त्याच गावच्या कड्यांवर आज बोल्टचे मार्ग आहेत. ड्रेस्डेनचे नियम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत आणि व्हेर्दोंचेही नाहीत.

बोल्ट वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण बाहेरच्या देशांतून बोल्ट ठोकण्याचे तंत्र जितक्या सहज येते, तितक्या सहज त्यामागचे भांडण येत नाही. कुठल्या कड्यावर बोल्ट चालतील, किती चालतील, कुठे मुळीच नकोत, आणि हे ठरवताना आरोहकांबरोबर त्या कड्याखालच्या गावालाही विचारायचे की नाही, याची चर्चा आपल्याला आपल्याच दगडापुढे बसून करावी लागेल. ती पहिले छिद्र पाडण्याआधी झालेली बरी.