दिंडोरी दोन, न्याय दोन

गोंदिया जिल्ह्यात द्राक्षबाग शोधत कुणी फिरू नये. हा भाताचा मुलूख. गोंदिया शहराची उंची जेमतेम 300 मीटर, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे धावतो. गडद, भरदार लाल वाइनला उंचावरची हवा लागते, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. नाशिकजवळच्या दिंडोरी पट्ट्यात, सुमारे 600 मीटरवर, ती मिळते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, थंडी सरता सरता शिराझ द्राक्षांची तोड. रस काळ्या सालींसकट आंबवतात, म्हणून त्यात रंग आणि तुरटपणा उतरतो.

गोंदियाचं पेय मात्र झाडावरून आपसूक पडतं. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे मार्च-एप्रिलात मोहफुलं रात्रभर टपटपत असतात, पिवळसर, मांसल, रसाळ. बाया-पोरं उजाडताच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही हाच खाऊ आवडतो, त्यामुळे नवेगाव-नागझिऱ्याभोवतीच्या गावांत मोहाचे दिवस धास्तीचेही असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि तीच आग कधीकधी रानात शिरते. हा दोष झाकण्यासारखा नाही. उन्हात फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं. त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त साखर असते. म्हणूनच ते टंचाईच्या दिवसांत पोटालाही आधार देत आलं.

फुलं मडक्यात काही दिवस भिजत घातली की आंबतात. हा सडवा. तो चुलीवर चढवायचा, वाफ गार करून थेंब धरायचे. आधी उतरते ती सर्वांत कडक, पहिल्या धारेची. वाइन नुसती आंबवलेली असते, ही गाळलेली. त्यामुळे तिचं नातं वाइनपेक्षा ब्रँडीशी जवळचं. रंग नाही, पण फुलाचा वास राहतो. गोंड घरांत देवाला, लग्नाला, मरणालाही ती लागते. बाजारी हातभट्टीत गूळ आणि नवसागर पडू लागला आणि बदनामी मोहाच्या वाट्याला आली.

कायद्याचा राग तर थेट फुलावरच. इंग्रजांनी 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर बंधनं घालणारा कायदा केला. अबकारीचं उत्पन्न बुडू नये, ही त्यामागची चिंता. 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही फूल मोकळं सोडलं नाही. द्राक्षांसाठी मात्र राज्याने 2001 मध्ये धोरण आणलं, वाइनला अबकारीत सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभारायला घेतले. मोहफुलांचं संकलन, साठवण, वाहतूक मोकळी व्हायला 2021 उजाडलं. घरी दारू गाळणं आजही गुन्हाच.

शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, विशेषतः बायांनी लढून मिळवली. दारूने मोडलेले संसार त्यांनी पाहिले होते, तेव्हा उद्या गावोगावी भट्ट्या उघडा असं कुणी म्हणू नये. पण दिंडोरी मध्य प्रदेशातही आहे. त्या राज्याने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला आणि दिंडोरी, अलीराजपूरच्या आदिवासी बचत गटांना ती बनवण्याचा परवाना दिला. दर्जाची तपासणी, बाटली, सगळं रीतसर. नाशिकच्या दिंडोरीसाठी धोरण आखणाऱ्या महाराष्ट्राने ही दुसरी दिंडोरी पाहून यावी, आणि देवरी-सालेकशातल्या ग्रामसभांना विचारून एक तरी परवाना फूल वेचणाऱ्यांच्या नावावर द्यावा.