बोलक्या देशाची गप्प पुस्तकं

आयरिश माणूस बोलायला लागला की थांबत नाही, अशी त्याची ख्याती. बसथांब्यावरचा अनोळखी माणूसही पावसापासून सुरुवात करून आपल्या मामेबहिणीच्या लग्नापर्यंत पोचतो. डब्लिनमध्ये राहून इथली पुस्तकं वाचू लागले, तेव्हा मात्र उलटंच दिसलं. कादंबरी असो, शोधपत्रकारिता असो की रहस्यकथा. कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं आणि ते बोललेलं नसतं.

पुस्तकं मिळवणं इथे सोपं आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासदत्व फुकट, २०१९पासून उशिराचा दंडही बंद. दुसऱ्या गावच्या शाखेतलं पुस्तक आपल्या शाखेत मागवता येतं. त्यामुळे एकाच वाङ्मयप्रकाराला चिकटून राहायला काही सबब उरत नाही. अलीकडे वाचलेल्यांपैकी पाच पुस्तकांविषयी लिहिते.

वखारवाल्याचा नाताळ

क्लेअर कीगनची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) जेमतेम शंभरेक पानांची. वेक्सफर्डमधलं न्यू रॉस गाव, १९८५चा नाताळ तोंडावर आलेला. बिल फर्लाँग हा कोळशाचा वखारवाला, पाच मुलींचा बाप. कॉन्व्हेंटमध्ये माल पोचवायला जातो आणि कोळशाच्या कोठीत त्याला कोंडलेली एक मुलगी सापडते. घरात बायको आणि गावात खाणावळवाली, दोघींचा सल्ला एकच: आपण आपलं पाहावं.

गोष्ट मॅग्डलेन लॉन्ड्रींची आहे. कुमारी माता, अनाथ, ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुली तिथे ननांच्या देखरेखीखाली बिनपगारी कपडे धूत. १९२२ ते १९९६ या काळात सुमारे १०,००० जणी तिथे गेल्याचं सरकारी चौकशीत निघालं आणि फेब्रुवारी २०१३मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली. कीगन कथेत असा आकडा आणतच नाही. एका भल्या माणसाची झोप उडते, एवढंच ती दाखवते.

वाचताना मला १८६३चं पुणं आठवलं. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावं म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुप्तता त्यांनीही पाळली, पण बाईला वाचवण्यासाठी. लॉन्ड्रीच्या भिंती उभ्या होत्या त्या घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी.

सगळ्यांनी पाहिलेलं अपहरण

पॅट्रिक रॅडन कीफ हा अमेरिकी पत्रकार. त्याचं ‘से नथिंग’ उत्तर आयर्लंडमधल्या तीस वर्षांच्या रक्तपाताबद्दल आहे. त्या काळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. कीफ त्यातली एक निवडतो. डिसेंबर १९७२, बेलफास्टमधली डिव्हिस फ्लॅट्स ही वसाहत. दहा मुलांची विधवा आई जीन मॅकॉनव्हिल हिला ब्रिटिश राजवटीविरुद्ध शस्त्र उचललेल्या आयआरए या संघटनेची माणसं मुलांदेखत घेऊन जातात. एवढ्या दाट वस्तीत शेजाऱ्यांना कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं, पण साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही. तिचे अवशेष मिळाले २००३मध्ये, सीमेपलीकडे लाउथ परगण्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर. हा रक्तपात थांबवणारा शांतता करार होऊनही तोवर पाच वर्षं लोटली होती.

पुस्तक हातातून सुटत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे. बॉम्बस्फोट, उपोषणं, तुरुंग यांमुळे आयआरएची डोलर्स प्राइस इतकी रंगत जाते की मॅकॉनव्हिलची मुलं मधल्या शे-दोनशे पानांत मागे पडतात. लेखकाला ती विसरायची नाहीत, पण नाट्य मारणाऱ्यांकडे जास्त असतं. सत्यकथेला कादंबरीचा वेग दिला की ही किंमत मोजावी लागते.

न सुटलेलं कोडं

त्यानंतर विसावा म्हणून टाना फ्रेंचची ‘इन द वुड्स’ (२००७) घेतली. विसावा कसला! १९८४मध्ये डब्लिनजवळच्या रानात तीन मुलं खेळायला जातात. सापडतो एकच, बुटांत रक्त, डोक्यात आठवण शून्य. वीस वर्षांनी तोच मुलगा पोलीस अधिकारी होऊन त्याच जागच्या खुनाचा तपास करतो. हायवेसाठी प्राचीन अवशेषांवर बुलडोझर फिरायच्या बेतात असतो, त्यामुळे उकरण्या-बुजवण्याचं राजकारणही कथेत येतं. नवा खून उलगडतो, जुनं कोडं तसंच राहतं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या माणसाला ही सरळ फसवणूक वाटते. मी चिडले. नंतर पटलं, की विसरणं हाच ज्याचा आधार आहे, त्याच्याकडून कबुलीजबाब काढून घ्यायला लेखिकेने नकार दिला आहे. पटलं, तरी राग पुरता गेलेला नाही.

मुलाच्या हातची आईची गोष्ट

‘पेग’ हे पेग सेअर्सचं आत्मचरित्र १९३६चं. केरीच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रेट ब्लॅस्केट बेटावर लग्न होऊन आलेली ही बाई. तिने आयरिश भाषेत सांगितलं, मुलाने उतरवून घेतलं. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच सुमाराची, १९३४पासून चार भागांत आलेली. त्यातही मुलगा देवदत्त यांचा हात आहे. दोघींचं शालेय शिक्षण यथातथा, कान मात्र पक्के.

पण लक्ष्मीबाई वाचताना हसू आवरत नाही, आणि पेग वाचताना मृत्यू आणि देवाची इच्छा यांपलीकडे फारसं काही हाती येत नाही. अनेक वर्षं ती शाळेत सक्तीची होती, म्हणून कित्येक आयरिश लोक तिचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. प्रत्यक्षात पेग मोठी मिश्कील गोष्टवाली होती. लोककथा संग्राहकांनी तिच्या शेकडो कथा टिपून घेतल्या आहेत. तिच्यातली हसरी, फटकळ बाई छापताना सोवळी झाली, असं अभ्यासक मानतात. बेट १९५३मध्ये रिकामं केलं गेलं.

तोंडोतोंडी टिकलेलं

दिरीन नी ग्रीफाचं ‘अ घोस्ट इन द थ्रोट’ (२०२०) कुठल्या कप्प्यात ठेवावं ते ठरत नाही: आत्मकथन, चरित्र, संशोधन, सगळंच. लहान मुलांच्या रगाड्यात बुडालेली लेखिका अठराव्या शतकातल्या आयलीन दुव्ह नी खोनिल हिच्या मागे लागते. १७७३मध्ये नवऱ्याचा गोळी घालून खून झाल्यावर आयलीनने रचलेला विलाप बायकांच्या तोंडून टिकला, कागदावर फार उशिरा आला. तिचं स्वतःचं आयुष्य मात्र पुरुषांच्या कागदपत्रांतून जवळजवळ पुसलं गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यामागचं मोल मला या पुस्तकाने नव्याने समजावलं. लेखिका स्वतःभोवती जरा जास्तच फिरते, पण पाचांत मला सर्वांत प्रिय हेच.

एकच पुस्तक वाचायचं असेल त्यांनी हे घ्यावं. दोन वाचणार असाल तर आधी कीगन आणि लगोलग कीफ. एखादा वखारवाला दार उघडेल, असा विश्वास कादंबरी देते. अख्ख्या वसाहतीत कुणीच का उघडलं नाही, याचा हिशेब पत्रकार मांडतो. नुसती कादंबरी वाचली तर आपणही फर्लाँगच ठरलो असतो, असं वाटून घेणं फार सोपं जातं.