येणे आणि बुडणे : नेपानगरच्या अनुभवावरून पतव्यवहाराचा विचार

निमाडच्या बाजारपेठेला उधारी नवी नाही. तापीकाठचे बऱ्हाणपूर हे मोगल अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते आणि सुरतेहून आग्ऱ्याकडे जाणारा मालाचा एक मोठा मार्ग याच शहरातून जात असे. सतराव्या शतकातील सुरतेचे विख्यात जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा यांचा व्यवहार बऱ्हाणपुरापर्यंत पसरलेला होता, आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनेही त्यांच्यापुढे वेळोवेळी कर्जासाठी हात पसरला होता. एवढ्या दूर अंतरावर पैसा सोडावयाचा म्हणजे घेणाऱ्याची कुवत, मालाची किंमत आणि रस्त्यावरील धोका यांचा अंदाज पेढीवर बसूनच बांधावा लागे. आजची बँक जिला ‘पतजोखीम’ म्हणते ती हीच.

त्याच शतकातले आपल्या समाजाचे दुसरे एक नाव म्हणजे कविवर बनारसीदास. जौनपूरला जन्मलेल्या या व्यापाऱ्याने सन १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. कवी म्हणून ते थोर; व्यापारी म्हणून मात्र बरेचदा गोत्यात आलेले. आग्ऱ्यात भांडवल संपल्यावर ते एका कचोरीवाल्याकडून उधारीवर खाऊ लागले. काही दिवसांनी त्यांनी स्वतःहूनच त्याला सांगितले की, माझ्यापाशी द्यावयास काही नाही. कचोरीवाल्याने काय करावे? त्याने वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, असे सांगितले. पुढे हिशेब झाला तो चौदा रुपयांचा, आणि तो चुकताही झाला. या साध्या दुकानदाराने तीन गोष्टी नकळत केल्या. ऋणकोने आपली खरी स्थिती स्वमुखे सांगितली याची त्याने किंमत केली; आपणांस झेपेल एवढीच मर्यादा त्याने आधी ठरविली; आणि देणे मर्यादेच्या आतच राहिले. बँकशास्त्राच्या जाड ग्रंथांत याहून फारसे निराळे सांगितलेले नसते.

आता नेपानगरकडे वळू. भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील हे गाव गिरणीसाठी वसले आणि गिरणीच्या नावानेच ओळखले गेले. वृत्तपत्राचा कागद देशात तयार व्हावा म्हणून १९४७ साली ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ ही कंपनी स्थापन झाली. खासगी प्रवर्तकांना तो भार पेलला नाही, तेव्हा १९४९ मध्ये प्रांतिक सरकारने ती हाती घेतली. पुढे केंद्र सरकारचे नियंत्रण आले. आसपासच्या जंगलातील सालई आणि बांबू हा तिचा कच्चा माल. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी ही गिरणी राष्ट्राला अर्पण केली. वृत्तपत्राचा कागद काढणारी देशातील ती पहिलीच गिरणी. बाहेरून येणाऱ्या कागदावर निर्बंध होते तोवर तिचे बरे चालले. १९९० नंतरच्या दशकात आयात मोकळी झाली, जुनी यंत्रे परदेशी कागदाच्या भावाशी टिकेनात, आणि गिरणी आजारी उद्योगांच्या यादीत जाऊन बसली. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले. २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ४६९ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तीत यंत्रांबरोबरच थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांचीही तरतूद होती. ऑगस्ट २०२२ मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली.

हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते त्याचे वहीत उतरणारे रूप. एकाच गिरणीच्या गावात कापडवाला, किराणावाला, लोखंडवाला आणि वाहतूकदार यांची गिऱ्हाइके वरकरणी निरनिराळी दिसतात. पण प्रत्येकाच्या येण्याचा झरा एकच असतो. पगार लांबला की किराण्याची उधारी लांबते, बिल अडकले की पुरवठादाराचा ट्रकवाला अडकतो. शंभर खाती असली म्हणून जोखीम शंभर ठिकाणी विभागली असे होत नाही. बँकेचा शाखाधिकारी नवीन असेल तर त्यालाही हे उमगत नाही. तो प्रत्येक कर्ज निराळे तपासतो आणि प्रत्येक कर्ज निराळे पाहता चांगलेच दिसते.

व्यापाऱ्याचे बँकेतील मुख्य कर्ज म्हणजे कॅश क्रेडिट. मंजूर मर्यादा एक असते आणि प्रत्यक्ष उचल करण्याचा अधिकार दुसराच असतो, हे अनेक जण विसरतात. समजा, दुकानात २० लाखांचा माल आहे आणि त्यांपैकी ६ लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादारास अद्याप दिलेले नाहीत. उरलेल्या १४ लाखांवर बँकेने २५ टक्के मार्जिन राखले, तर उचल साडेदहा लाखांचीच करता येईल. मंजुरीपत्रावर १५ लाखांचा आकडा असला तरीही. येणे बाकी तारण म्हणून धरावयाची असल्यास बँका बहुधा ९० दिवसांहून जुनी येणी हिशेबातून वगळतात. आता पाहा : मोठ्या गिऱ्हाइकाने चार महिने पैसे दिले नाहीत, म्हणजे ती रक्कम तारणातून गळाली आणि उचलीचा अधिकार घटला. ज्या महिन्यात व्यापाऱ्याला पैशाची निकड सर्वांत अधिक, त्याच महिन्यात बँकेचा हात आखडतो. यात शाखाधिकाऱ्याचा दुष्टावा नसतो. हिशेबाची रचनाच तशी आहे.

येथूनच घसरण सुरू होते. खात्यातील बाकी सतत ९० दिवस उचलीच्या अधिकाराबाहेर राहिली, किंवा ९० दिवसांत खात्यात जमा झालेली रक्कम व्याजापुरतीही नसली, तर ते खाते अनुत्पादक ठरते. मालाचा तक्ता वेळेवर न देणे हीसुद्धा या मार्गावरची पायरी आहे : तीन महिन्यांहून जुन्या तक्त्यावर काढलेली उचल अनियमित मानली जाते, आणि दुकानात माल भरपूर असूनही केवळ कागद न पोहोचल्याने खाते बिघडते. एका ऋणकोचे एक खाते बिघडले की त्या बँकेतील त्याची सारी खाती त्याच वर्गात जातात. आणि एकदा तेथे गेल्यावर संपूर्ण थकबाकी भरल्याखेरीज बाहेर पडता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. थोडे व्याज भरून वर्षअखेर साजरी करण्याचा जुना उपाय आता चालत नाही.

हे नियम पूर्वी असे कडक नव्हते. १९९१ च्या नरसिंहम् समितीपूर्वी बँका न आलेले व्याजही नफ्यात धरीत आणि ताळेबंद गोजिरा दिसे. समितीच्या शिफारशींनंतर कर्जांची वर्गवारी आली. ९० दिवसांचा निकष मार्च २००४ पासून पूर्णपणे लागू झाला. खाते बिघडताच बँकेला साधारणतः १५ टक्के रक्कम आपल्या नफ्यातून बाजूला ठेवावी लागते, आणि वर्षे लोटतात तसा हा वाटा वाढत शेवटी शंभर टक्क्यांवर जातो. म्हणून बँक ८९ व्या दिवशी ज्या सुरात बोलते त्याच सुरात ९१ व्या दिवशी बोलत नाही. २०१५ पासून रिझर्व्ह बँकेने मोठ्या कर्जखात्यांची कसून तपासणी केली, झाकलेले उघडे पडले, आणि मार्च २०१८ मध्ये व्यापारी बँकांच्या दर शंभर रुपये कर्जांमागे ११ रुपयांहून अधिक अनुत्पादक निघाले. मार्च २०२४ पर्यंत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आले. यात वसुलीचा वाटा आहे, तसा निर्लेखनाचाही आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

बँकच बुडाली तर काय होते, याचा अनुभव आपल्या शेजारच्या वऱ्हाडाने घेतला आहे. अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये कोसळली. त्याच वर्षी केरळातील पालै सेंट्रल बँक गेली. त्या धक्क्यातून ठेवींच्या विम्याचा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांचे संरक्षण मिळाले. फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा ५ लाखांची झाली. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण तर ताजेच आहे. तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती, आणि ती लपविण्यासाठी सुमारे २१ हजार बनावट खाती दाखविल्याचे तपासात पुढे आले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले तेव्हा ठेवीदारास प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किराणा दुकानाला जितके घातक, तितकेच बँकेलाही.

या संदर्भात तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाचे स्मरण होते. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत तेथे ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन सांगितले आहेत : पहिला खोटा लेख करण्याचा, दुसरा ठेव गिळण्याचा. बनावट खाती हा पहिला आणि ठेवीदारांचे नुकसान हा दुसरा. फुगविलेला मालाचा तक्ता बँकेत देणारा व्यापारीही पहिल्यातच मोडतो, मग पर्युषणात त्याने उपवास किती केले याची गणती कोणी का करीना. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्या मालमत्तेची मर्यादा स्वतः बांधून घेतो. ऋणाचीही तशीच बांधावी, असे आम्हांस वाटते.

आणखी एका विषयावर थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. आपल्या समाजात जामीनकी हा नात्याचा शिष्टाचार होऊन बसला आहे. साडूने सांगितले, व्याह्यांनी शब्द टाकला, की सही होते. कागद वाचला जात नाही. वस्तुतः १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क सामान्यतः जामीनदारास नसतो. कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण मिटले तरी तिच्या संचालकाने दिलेली वैयक्तिक हमी आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. शिवाय हमी पत-अहवालात दिसते आणि स्वतःच्या कर्जाच्या वेळी आडवी येते. व्याह्यांस नकार देणे अवघड खरे. पण घर गहाण टाकून झाल्यावर घरातील स्त्रियांना ते जप्तीच्या नोटिशीवरून कळावे, हे त्याहून अवघड.

वसुलीच्या कायद्यांचा विस्तार येथे करीत नाही. २००२ च्या कायद्यान्वये बँक ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते. शेतजमीन त्यातून वगळली आहे. वीस लाखांवरील दावे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातात.

आपल्या येण्याच्या वसुलीबाबत मात्र एक बारीक भेद सांगितला पाहिजे, कारण त्याबद्दल बाजारात गैरसमज आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले आणि विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. हे संरक्षण माल तयार करणाऱ्यास व सेवा देणाऱ्यास आहे. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. ४५ दिवसांची ढाल त्यांना मिळाली नाही. तेव्हा नेपानगर-बऱ्हाणपुरातील जो व्यापारी माल विकत घेऊन मोठ्या कारखान्यास पुरवितो, त्याने खरेदी-आदेशावरच मुदत व व्याजाचा दर लिहून घ्यावा, माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची पावती जपावी, आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरीस थकलेल्या येण्यांची तारीखवार यादी करून बँकेच्या तक्त्याबरोबर ताडून पाहावी. पहिले येणे साठ दिवसांवर गेले की शाखाधिकाऱ्यास स्वतः जाऊन भेटावे. तोवर खाते नियमित असते आणि मुदत वाढवून देणे त्याच्या हातात असते.