वायर की वायरलेस? कान मोजतो तो आवाजच

अॅपलने २०१६मध्ये आयफोन ७मधून हेडफोनचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक काढून टाकला, तेव्हा बरीच टीका झाली. पुढे इतर अनेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आज बस, लोकल, कॉलेजचा कट्टा, सगळीकडे वायरलेस इयरबड्स सर्रास दिसतात. तरीही संगीताचे दर्दी आणि गेम खेळणारी मुले वायर सोडायला सहजी तयार होत नाहीत. त्यांच्या हट्टामागे शास्त्रीय कारण आहे का? आणि कानांच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक पडतो का?

उशीर नेमका कुठे होतो?

वायरमधून विद्युत संदेश थेट हेडफोनपर्यंत जातो. त्याला लागणारा वेळ जाणवण्याइतका नसतो. ब्लूटूथमध्ये मात्र फोन आधी आवाजाची माहिती आकसून लहान करतो, मग ती रेडिओलहरींवरून पाठवतो. हेडफोन ती उलगडतो आणि मध्ये खंड पडू नये म्हणून थोडी साठवूनही ठेवतो. या साऱ्यात १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात, कधी त्याहूनही जास्त.

हा उशीर किती, याचा अंदाज क्रिकेटच्या मैदानावर येतो. सीमारेषेजवळ बसलेल्या प्रेक्षकाला फटका आधी दिसतो आणि बॅटचा आवाज किंचित मागाहून ऐकू येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा जवळपास ७० मीटर दूरवरचा आवाज ऐकण्यासारखा आहे.

गाणे ऐकताना याने काही बिघडत नाही, कारण सगळेच गाणे तेवढेच मागे सरकते. चित्रपट पाहताना अॅप चित्रही तेवढेच थांबवून मेळ साधते. गेममध्ये ती सोय नाही. खेळाडूने बटण कधी दाबायचे हे आधी ठाऊक नसल्याने चित्र रोखून धरता येत नाही. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज कानावर पडेपर्यंत डाव आटोपलेला असतो. म्हणूनच गेमिंगसाठीचे अनेक वायरलेस हेडसेट ब्लूटूथऐवजी छोटा यूएसबी डोंगल वापरतात. त्यात उशीर खूपच कमी होतो.

आणखी एक अडचण माइकची. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला, की उपलब्ध जागा दोन्ही दिशांच्या आवाजात वाटली जाते. त्यामुळे अनेक हेडसेटमध्ये गेमचा आवाज अचानक टेलिफोनसारखा सपाट होतो. मित्रांशी बोलत खेळणाऱ्यांना हे हमखास खटकते.

सुरांचा दर्जा

सीडीवरील संगीताला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. ब्लूटूथची सर्वसाधारण एसबीसी पद्धत तीनशेच्या आसपास किलोबिटवर भागवते, तर एलडॅक ही पद्धत जास्तीत जास्त ९९० किलोबिटपर्यंत जाते. म्हणजे काही माहिती गाळली जाते. पण गाळताना कानाला सहसा न जाणवणारे तपशीलच निवडले जातात. त्यामुळे रेल्वेच्या खडखडाटात हा फरक शोधू जाणे व्यर्थ. शांत खोलीत चांगल्या हेडफोनवर तानपुऱ्याचा झंकार ऐकणाऱ्याला तो जाणवू शकतो. बहुतेक वेळा मात्र हेडफोनची बनावट आणि कानात तो नीट बसणे यांनीच जास्त फरक पडतो.

खरा प्रश्न कानांचा

ब्लूटूथच्या लहरींची अनेकांना धास्ती वाटते. इयरबड्समधून निघणाऱ्या लहरींची शक्ती साधारण काही मिलिवॅट असते, कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षा बरीच कमी. काळजी करायची ती आवाजाची. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी आवाजाची कंपने टिपतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुभा चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्याला अवघी २० मिनिटे उरतात. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबलची आहे. गेममध्ये तर तासन्‌तास खेळ चालतो आणि मध्येच गोळीबार, स्फोट होतात. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ अभ्यासांच्या एका आढाव्यात गेममधले असे क्षणिक आवाज ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद आहे.

इथे वायरलेसच्या बाजूने एक मुद्दा येतो. बाहेर गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवतो. नॉइज कॅन्सलेशन असलेला हेडफोन बाहेरच्या घरघरीची उलटी लहर तयार करून ती दाबतो, त्यामुळे कमी आवाजातही गाणे ऐकू येते. ही सोय आज मुख्यतः वायरलेस संचांत मिळते. मात्र रस्ता किंवा रूळ ओलांडताना तो कानातून काढलाच पाहिजे.

काय घ्यावे, कसे वापरावे?

● चुरशीचे गेम आणि घरी निवांत संगीत : वायर किंवा डोंगलवाला हेडसेट. प्रवास, व्यायाम, फोनवरचे बोलणे : वायरलेस.
● इयरबड्सची छोटी बॅटरी काही वर्षांत दमते आणि सहसा बदलता येत नाही. वायरवाला संच, वायर सांभाळली तर, वर्षानुवर्षे चालतो.
● आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवावा. फोनच्या सेटिंगमध्ये मर्यादा घालता येत असेल, तर मुलांच्या फोनवर ती आधी घालावी.
● प्रत्येक डावानंतर कानांना थोडी विश्रांती द्यावी.
● हेडफोन काढल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा समोरच्याचे बोलणे दबके वाटत असेल, तर आवाज जास्त झाला असे समजावे. ही तक्रार टिकून राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

हेडफोन बिघडला तर दुसरा घेता येतो. केसपेशींच्या बाबतीत ती सोय नाही.