एक्स-रे स्वच्छ, तरी खुबा दुखतो

2021 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले, तिघांनाही स्टेरॉइड दिलेलं, आणि पुढे खुब्यात कळा. रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागलं होतं. अशा दुखण्यात एमआरआयवर हाडाच्या मज्जेत पाणी साचल्यासारखी सूज दिसू शकते.

ही सूज म्हणजे फक्त खूण. मूळ कारण मार, अतिश्रमाने पडलेली बारीक चीर, झिजलेला गुडघा, सांधेवात, जंतुसंसर्ग, क्वचित गाठही असू शकतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतही खुबा असा धरतो. 1959 मध्ये कर्टिस आणि किंकेड या अमेरिकी डॉक्टरांनी अशा तीन स्त्रियांची नोंद केली होती. हा प्रकार बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरतो.

हुबळीच्या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर धारवाडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात, सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा निर्दोषच येतो. सूज दाखवतो तो एमआरआय.

उपचार कारणावर ठरतो. कुबडी घेऊन पायावरचा भार कमी करणं, वेदनाशामक, कमी असल्यास ड जीवनसत्त्व, काहींना बिस्फॉस्फोनेट. हाड मरत असेल तर कधी छिद्र पाडून दाब उतरवतात. तेल चोळत महिनोन्‌महिने चालत राहणं मात्र महागात पडतं.

पूर्वी स्टेरॉइड घेतलं असेल किंवा दारूची सवय असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.